छत्री, पुस्तक आणि जपानी माणूस

जपानी माणसाच्या प्रामाणिकपणाच्या गोष्टी मराठी माणसाला तोंडपाठ असतात. प्रत्येकाच्या नात्यात एक तरी मावसभाऊ असा असतो, ज्याचा कॅमेरा शिन्कान्सेन बुलेट ट्रेनमध्ये राहिला आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आत हॉटेलवर हजर झाला. मावसभाऊ ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगतोय आणि दर दिवाळीला कॅमेऱ्याची किंमत वाढतेय. गोष्ट मात्र खोटी नाही. टोकियोच्या पोलिसांकडे वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास सापडलेल्या वस्तू जमा होतात. पाकीट मालकाच्या हाती परत पडतं तेव्हा आतली चिल्लरसुद्धा जागच्या जागी असते.

या नियमाला दोन अपवाद आहेत. पहिला छत्रीचा. पाऊस लागलेला असताना कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात, स्टँडमध्ये, आपली पारदर्शक प्लास्टिकची छत्री ठेवून आत जा आणि कॉफी घेऊन बाहेर या. छत्री असेल, ती तुमची असेलच असं नाही. कुणीतरी तुमची नेलेली असते, तुम्ही तिसऱ्याची उचलता, तिसरा चौथ्याची, आणि शेवटी जो उरतो त्याला काडी मोडलेली मिळते. त्यालाच त्या दिवशी सगळ्यात लांब जायचं असतं. पोलिसांच्या कोठारात वर्षाला लाखो छत्र्या येतात आणि त्या न्यायला शंभरातला एखादाच मालक फिरकतो. ज्या देशात माणूस चुकून जास्त आलेले दहा येन द्यायला दुकानात परत जातो, त्या देशात छत्री ही सार्वजनिक मालमत्ता आहे.

दुसरा अपवाद पुस्तकाचा. टोकियो मेट्रोच्या चियोदा मार्गावर नेझू नावाचं स्टेशन आहे. तिथे बरीच वर्षं प्रवाशांसाठी पुस्तकांचं एक कपाट होतं, तेही थेट त्या मार्गावरच्या गाडीच्या आकाराचं. ‘तोत्तोचान’ वाचलेल्या मराठी वाचकाला ते पाहून भरूनच यायचं, कारण तोत्तोचानच्या तोमोए शाळेची लायब्ररी खऱ्याखुऱ्या रेल्वेच्या डब्यात होती. नेझूच्या कपाटाला कार्ड नव्हतं, डिपॉझिट नव्हतं, समोर डोळे वटारून बसलेल्या बाई नव्हत्या. न्या, वाचा, आणून ठेवा, एवढाच कारभार. अशी कपाटं जपानात इतर स्टेशनांवरही होती. पहिल्या दोन सूचना प्रवाशांनी तंतोतंत पाळल्या. तिसरीच्या वेळी बहुधा त्यांचं स्टेशन आलं. पुस्तकं परत येईनात म्हणून बऱ्याच ठिकाणची कपाटं रिकामी झाली आणि मग उचलली गेली. पाकीट परत करणारी, रांगेत उभी राहणारी, ट्रेन मिनिटभर उशिरा आली की माफीची अपेक्षा ठेवणारी हीच ती माणसं.

आपल्याकडे सुभाषितकाराने हे फार पूर्वी लिहून ठेवलंय: दुसऱ्याच्या हाती गेलेलं पुस्तक गेलंच म्हणून समजावं, आणि चुकून आलंच परत तर ते ओळखू येण्याच्या अवस्थेत नसतं. सुभाषितकार जपानला कधी गेला नव्हता, पण त्याचा मित्रपरिवार मोठा असावा.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या कन्येने आणि तिच्या शाळेतल्या टोळीने केलेला उद्योग. आम्ही राहतो टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईच्या जवळ. या भागात भारतीयांची एवढी वस्ती आहे की कढीपत्ता संपला तर कुणी हळहळत नाही, शेजारी जाऊन मागतो. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली इथल्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेव्हापासून आम्हा मराठी मंडळींची मान जरा ताठ झाली आहे आणि आम्ही गल्लीच्या बैठकीतही न विचारता मत देतो.

जपानी शाळेत बहुतेक प्रत्येक पोराला कुठल्या ना कुठल्या समितीत काम करावं लागतं. कुणी स्वच्छतेच्या, कुणी जेवणाच्या, कुणी शाळेतल्या प्रसारणाच्या. आमची कन्या ग्रंथालय समितीत. मधल्या सुट्टीत ती काउंटरवर बसून इतर पोरांना पुस्तकं देते-घेते, आणि घरी आल्यावर माझ्या कपाटाकडे अशा नजरेने बघते की मला उशीर झाल्याचा दंड भरावासा वाटतो.

झालं असं, की स्टेशनजवळचं पुस्तकांचं दुकान बंद पडलं आणि तिथे औषधं आणि शाम्पू विकणारं दुकान आलं. त्यात नवल काहीच नाही; जपानातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नगरपालिका-गावांत आज पुस्तकाचं एकही दुकान उरलेलं नाही. २०२४ मध्ये खुद्द सरकारच्या अर्थ आणि उद्योग मंत्रालयाने दुकानं वाचवण्यासाठी खास पथक नेमलं. मंत्रालयाने पथक नेमलं आणि आमच्या पोरांनी एक लाकडी खोकं आणलं. खोक्याला काचेचं दार, वर उतरतं छप्पर, आत दोन फळ्या. गल्लीच्या तोंडाशी उभं करायचं. हवं ते पुस्तक न्यावं, नको ते ठेवावं. मूळ कल्पना अमेरिकेतली. विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावी टॉड बोल नावाच्या गृहस्थांनी २००९ साली, शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या आठवणीत, एकखोली शाळेच्या आकाराची पेटी करून अंगणात लावली. अंगण त्यांचं स्वतःचं होतं, त्यामुळे त्यांचं काम एका दुपारी झालं असावं. आमच्या गल्लीत अंगण नाही. गल्ली-मंडळ आहे.

जपानी गल्ली-मंडळाची बैठक ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. सरासरी वय बहात्तर, चहा थंड, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात छापील कार्यक्रमपत्रिका. पोरं गणवेशात येऊन रांगेने उभी राहिली, कमरेत वाकली आणि त्यांनी आपला प्रस्ताव मांडला. कुणी विरोध केला नाही. विरोध असा इथे कुणी करतच नाही. अध्यक्षांनी फक्त दात आवळून तोंडाने बारीक आवाज करत हवा आत ओढली. जपानात दहा वर्षं काढलेल्या माणसाला त्या आवाजाने घाम फुटतो.

मग प्रश्न आले. वादळात दार उघडलं तर? भूकंपात खोकं पडलं तर? जून महिन्याच्या दमट हवेत पानांना बुरशी आली तर? कावळ्यांनी काचेवर चोच मारली तर? सगळ्यात कळीचा प्रश्न पुराचा. एदोगावा वॉर्डाचा सुमारे सत्तर टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, आणि २०१९ साली वॉर्डाने पुराचा जो नकाशा घरोघर वाटला त्याच्या मुखपृष्ठावर, इथे थांबू नका, अशा अर्थाची सूचना छापली होती. आपल्याच नागरिकांना इतक्या सरळपणे निघून जा म्हणणारी नगरपालिका मी दुसरी पाहिली नाही. तेव्हा अशा वॉर्डात पुस्तकांचं खोकं जमिनीपासून किती उंच असावं, यावर चर्चा झाली. पुरापासून वाचवायचं तर दोन मजले वर हवं. पहिलीतल्या मुलाचा हात पोचायचा तर एक मीटर. शेवटी मीटर जिंकला. कन्या म्हणाली, पूर आला तर पुस्तकं आधी की माणसं आधी, हे ठरवायला दुसरी बैठक घेऊ. अध्यक्षांनी ते गंभीरपणे टिपून घेतलं.

खरी अडचण वहीवर आली. एका काकांनी सुचवलं, खोक्यापाशी दोरीला बांधलेली वही ठेवा: नाव, पत्ता, फोन, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, शिक्का. काका एकेकाळी बँकेत होते. पोरांचं म्हणणं, वही आली की लायब्ररी आली, आणि लायब्ररी वॉर्डाची आहेच, चांगली वातानुकूलित आहे. काका म्हणाले, मग पुस्तकं परत येणार नाहीत. पोरं म्हणाली, नाही आली तर नाही आली. यावर बैठकीत जी शांतता पसरली, तशी मी आमच्या पुण्याच्या सोसायटीत फक्त मेंटेनन्स वाढवायचा ठराव आला तेव्हा अनुभवली आहे.

ती शांतता सत्तरीच्या एका आजींनी मोडली. या आजी बैठकीला फक्त चहासाठी येतात असा माझा समज होता. त्या लहान असताना शेजारच्या एका बाईंनी घरातल्या खोलीत मुलांसाठी पुस्तकं मांडली होती आणि शनिवारी दार उघडं असायचं. हा त्या काळातला सगळ्या देशाचा छंद. मुलांच्या पुस्तकांच्या लेखिका आणि अनुवादक इशिई मोमोको यांनी १९५८ साली टोकियोतल्या ओगिकुबो भागात आपल्या घरात ‘कात्सुरा बुन्को’ हे मुलांचं घरगुती ग्रंथालय सुरू केलं. त्याआधी १९५२ मध्ये मुराओका हानाको यांनी असंच केलं होतं. इशिईबाईंनी या अनुभवावर १९६५ साली पुस्तक लिहिलं आणि मग जपानभर गृहिणींनी आपापल्या दिवाणखान्यात फळ्या ठोकल्या. दर शनिवारी त्या घरांत चपलांचा ढीग पडत असेल आणि नवरे कुठे जाऊन बसत असतील, याची इतिहासात नोंद नाही. इशिईबाई स्वतः १०१ वर्षं जगल्या. घरात पोरांचा धिंगाणा असूनही, की असल्यामुळे, कोण जाणे.

आजी एवढं सांगून थांबल्या असत्या तर चाललं असतं. पण त्या पुढे अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, “तिथलं एक पुस्तक अजून माझ्याकडे आहे.”

बँकेतल्या काकांनी सुचवलेली वही मागे घेतली. आजींनी परत द्यायचं तर ते द्यायचं कुणाला, बाई जाऊन वीस वर्षं झाली, हा प्रश्न कुणी विचारला नाही. जपानी सभ्यतेत न विचारलेल्या प्रश्नांचाच भरणा जास्त.

ठरावाची पाटी घरोघर फिरली. हे फिरतं पॅड गल्लीचं दूरदर्शन, वर्तमानपत्र आणि व्हॉट्सॲप ग्रुप असं सगळं एकदम असतं: कागद वाचायचा, आपल्या नावाचा शिक्का उठवायचा आणि शेजारच्या दारात नेऊन ठेवायचं. फॉरवर्ड करायला स्वतः चालत जावं लागत असल्यामुळे त्यात सुविचार नसतात.

खोक्यावर चित्र काय काढायचं यावरही एक छोटी लढाई झाली. पोरांना किंजिरो हवा होता. पाठीवर लाकडांची मोळी आणि हातात उघडं पुस्तक घेऊन चालणारा हा मुलगा जपानातल्या कित्येक जुन्या शाळांच्या आवारात पुतळा होऊन उभा आहे. म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या आपल्या थोर पुरुषांच्या पंगतीत शोभेल असा. खरा निनोमिया किंजिरो १७८७ साली जन्मला आणि पुढे मोठा शेतीसुधारक झाला. युद्धाच्या काळात त्याचे ब्राँझचे पुतळे तोफा-गोळ्यांसाठी वितळवले गेले आणि जागोजागी दगडी किंजिरो आले. एवढं सोसूनही तो वाचतच होता. पण आता पालक म्हणतात, चालता चालता वाचणारा मुलगा म्हणजे चालता चालता मोबाइल बघणाऱ्यांना आयतं उदाहरण. म्हणून तोचिगी प्रांतातल्या एका शाळेत २०१६ साली जो नवा पुतळा बसला त्यात किंजिरो खरोखरच बसला आहे. मोळी बाजूला, पुस्तक मांडीवर. आमच्या खोक्यावरही बसलेलाच किंजिरो आला. मोळी काढायला जागा उरली नाही, त्यामुळे तो आता कामधाम सोडून वाचत बसलेला दिसतो. मला तो जवळचा वाटतो.

खोकं उभं राहिलं आणि कुणी त्याला हात लावेना. लोक यायचे, काचेतून वाचायचे, मान डोलवायचे आणि जायचे. फुकटची वस्तू लोकांदेखत उचलणं या समाजाला भारी अवघड जातं. मग पोरांनी शनिवारी खोक्यापुढे पुस्तकांची कुस्ती लावली. हा क्योतो विद्यापीठात २००७ साली तानिगुची तादाहिरो यांनी काढलेला खेळ: प्रत्येकाने पाच मिनिटांत, हातात कागद न घेता, आपल्या आवडत्या पुस्तकाबद्दल बोलायचं आणि ऐकणाऱ्यांनी भाषण कुणाचं छान याला नाही, तर कुठलं पुस्तक वाचावंसं वाटलं त्याला मत द्यायचं. आज शाळा-कॉलेजांत त्याच्या स्पर्धा होतात. आमच्या गल्लीत पहिला नंबर एका सातवीतल्या मुलाने सांगितलेल्या, समुद्रातल्या विचित्र माशांच्या पुस्तकाला मिळाला. दुसरा नंबर आलेल्या बँकेतल्या काकांनी ‘घरच्या घरी निवृत्तीचं नियोजन’ पाच मिनिटांत बसवलं होतं आणि ते चार मिनिटं एकोणसाठ सेकंदांनी थांबले.

त्यानंतर खोकं जे सुटलं ते आवरेना. पण उलट्या दिशेने. जपानात काही घेतलं की उलट काही दिल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. लग्नात किंवा मयताला आलेल्या पाकिटाच्या निम्म्या किमतीची भेट परत पाठवायचा इथे रिवाज आहे. तोच हिशेब खोक्याला लागू झाला. एक पुस्तक नेणारा दोन आणून ठेवू लागला. दुसऱ्याने ती दोन पाहिली आणि लाजेकाजेस्तव तीन ठेवली. फळ्या भरल्या, मग छपराखालची जागा भरली, मग खाली प्लास्टिकच्या पिशव्यांत पुस्तकं नीट रचून ठेवलेली दिसू लागली. एका प्रसिद्ध मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, खंड तीन ते नऊ आले. पहिला आणि दुसरा कुणाकडे आहे हे गल्लीतलं गूढ आहे. पोट कमी करायची पुस्तकं आली, सगळी नवीकोरी, पहिल्या चार पानांनंतर न उघडलेली. इंग्रजी संभाषण तीस दिवसांत, हेही तसंच. शब्दकोश एवढे आले की कुणाचं कुणाशी बोलणंच अडू नये.

आणि निम्म्या पुस्तकांवर कागदी वेष्टण. जपानी दुकानात पुस्तक घेतलं की काउंटरवरची मुलगी विचारते, कव्हर घालू का, आणि हो म्हटलं की चार घड्यांत असं चोख कव्हर घालते की आपल्या शाळेच्या ब्राऊन पेपरची लाज वाटावी. हेतू हा, की गाडीत शेजाऱ्याला आपण काय वाचतोय ते कळू नये. आपल्याकडे लोकलमध्ये शेजाऱ्याचं पुस्तक वाचण्यासाठीच असतं; त्याने पान उलटायची घाई केली तर आपण थांब म्हणतो. इथे ती सोय नाही. तर लोकांनी पुस्तकं दिली ती कव्हरसकट. त्यामुळे खोक्यातून पुस्तक निवडणं हा नशिबाचा भाग झाला. शेजारच्या आजोबांनी ऐतिहासिक कादंबरी म्हणून उचललेलं पुस्तक घटस्फोटाच्या कायद्यावरचं निघालं. त्यांच्या घरातल्या आजींनी ते आधी पाहिलं.

स्टेशनांवरच्या कपाटांतली पुस्तकं गेली ती गेली आणि आमच्या खोक्यात नको इतकी आली, याचं मला तरी एकच कारण दिसतं. स्टेशनवर तुम्ही कोण हे कुणाला माहीत नसतं. गल्लीत समोरच्या खिडकीचा पडदा नेहमी बोटभर सरकलेला असतो. जपानी प्रामाणिकपणाचं अर्धं श्रेय संस्काराला द्यावं आणि उरलेलं त्या पडद्याला. छत्रीच्या स्टँडसमोर एखादी आजी बसवली तर पोलिसांची कोठारं ओस पडतील.

निशी-कासाईतल्या मराठी मंडळींना खोक्याचं फार कौतुक नव्हतं. आमच्यात नाशिकच्या एक काकू आहेत, त्या म्हणाल्या, यात नवीन ते काय? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. मराठी पुस्तकांची एकेक पेटी वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी गटागटांत पेट्या बदलायच्या. ती पेटी महाराष्ट्राबाहेर पडून दुबईला गेली, टोकियोलाही आली. “आमची पेटी फिरते,” काकू म्हणाल्या, “तुमचं खोकं नुसतं उभं राहतं.” कन्येने हे टिपून घेतलं. पेटीतली पुस्तकं परत येतात का, हेही तिने विचारलं. काकूंनी विषय बदलून तिला चकली दिली.

आपल्याकडच्या या खटपटींत मला प्रदीप लोखंडे यांच्या ‘ग्यान-की’ ग्रंथालयांची रीत फार आवडते: गावातल्या माध्यमिक शाळेत पुस्तकं द्यायची आणि त्यांचा कारभार शिक्षकाकडे न देता विद्यार्थिनीकडे द्यायचा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती किल्ली दिली की पुस्तक परत न करणाऱ्याची काय बिशाद असते, हे मी घरी बघतो.

तर खोक्याचं पुढे असं झालं, की पुन्हा बैठक बसली. पोरांनी नवी पाटी लिहून आणली होती. मजकुराचा अर्थ एवढाच, की कृपया काही काळ पुस्तकं ठेवू नका, फक्त न्या. पण इतकं उघड सांगणं म्हणजे देणाऱ्यांचा अपमान. दुपारभर खल होऊन जो मसुदा ठरला तो साधारण असा: आपल्या आजवरच्या उदार सहकार्याने खोकं धन्य झालं आहे, तथापि त्याच्या लहान देहाची मर्यादा ध्यानी घेऊन, आपणांस पुस्तक केवळ घेऊन जाण्याची तसदी देण्याचा उद्धटपणा आम्ही करीत आहोत, त्याबद्दल क्षमा असावी. खाली वाकून नमस्कार करणारा किंजिरो. बसूनच.

पाटी लागली आणि जपानी शेजारी पेचात पडले. नुसतं न्यायचं, आणि बदल्यात काही द्यायचं नाही? लोक खोक्यापाशी येऊन पाटी वाचायचे आणि मोकळ्या हाताने परत जायचे.

अशा वेळी निशी-कासाईची मराठी मंडळी मदतीला धावली. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा कुटुंबं पिशव्या घेऊन गेलो. काकूंनी भरतकामाची सगळी पुस्तकं नेली. भाषा कळत नाही, पण टाके कळतात, म्हणाल्या. कुणी शब्दकोश नेले, कुणी मांगाचे तीन ते नऊ. मी माशांचं पुस्तक आणि पोट कमी करायची चार उचलली. बदल्यात कुणी एक चिठोरंही ठेवलं नाही. खोकं निम्मं रिकामं झालं. मंडळाच्या पुढच्या पत्रकात, सूचनेचं तंतोतंत पालन केल्याबद्दल गल्लीतल्या भारतीय रहिवाशांचे खास आभार छापून आले आणि बँकेतल्या काकांनी मला रस्त्यात थांबवून वाकून नमस्कार केला. पुस्तकं परत कधी आणणार, असं कन्या अधूनमधून विचारते. मी तिला पाटी पुन्हा एकदा वाचायला सांगतो.